वाचकांनी घडवलेली विज्ञानकथा

विज्ञानकथेच्या चाहत्यांचे जगातले पहिले संमेलन कुठे भरले, यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर अजून वाद घातला जातो. अमेरिकेची बाजू अशी, की २२ ऑक्टोबर १९३६ रोजी न्यू यॉर्कचे काही तरुण आगगाडीने फिलाडेल्फियाला गेले, तिथल्या समानधर्मी मंडळींना भेटले, त्यांच्यापैकी एकाच्या घरी बैठक जमवली आणि त्या भेटीलाच संमेलन म्हणून जाहीर करून टाकले. ब्रिटनची बाजू अशी, की ३ जानेवारी १९३७ च्या रविवारी लीड्समधल्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये जी सभा झाली तीच खरी पहिली. कारण ती आधी ठरवून, गावोगावी कळवून, सभागृह घेऊन भरवली होती. तारखेच्या हिशेबात अमेरिका दोन-अडीच महिने पुढे आहे, तयारीच्या हिशेबात लीड्स. मला हा सगळा प्रकार मानापमानाचा वाटतो. पहिले कोण, हे ठरवून इतिहासाचे काहीच कळत नाही. सभा संपल्यावर मागे काय उरले, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि तो विचारला तर लीड्सच्या त्या थंडीतल्या रविवारचे वजन एकदम वाढते. त्या दिवशी एक संस्था उभी राहिली आणि पुढच्या तीस वर्षांत ब्रिटिश विज्ञानकथेला जे मासिक, जे संपादक आणि बऱ्याच अंशी जे लेखक मिळाले, त्यांचे धागेदोरे तिथवर जाऊन पोचतात. ब्रिटनमध्ये विज्ञानकथा नावाची परंपरा लेखकांनी लिहिली खरी, पण ती चालू ठेवण्याची व्यवस्था वाचकांनी केली, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे पटायला १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश वाचकाची अवस्था पाहावी लागते. एच. जी. वेल्स यांचा देश, पण त्या देशात प्रौढांसाठी विज्ञानकथेचे एकही मासिक नव्हते. वाचक जगत होता तो अमेरिकेतल्या स्वस्त कागदाच्या मासिकांवर. तिथे न खपलेले अंक गठ्ठ्यांनी इकडे येत आणि वूलवर्थसारख्या दुकानांत काही पेन्सना विकले जात. कोणता अंक येईल, कधी येईल, याची खात्री नाही. क्रमशः कादंबरीचा दुसरा भाग हाती लागे आणि पहिला कधीच दिसत नसे. ब्रिटिश प्रकाशकांनी प्रयत्न केला नव्हता असे नाही. पिअर्सन या मोठ्या प्रकाशनाने १९३४ मध्ये ‘स्कूप्स’ नावाचे साप्ताहिक काढले, पण ते मुलांचे साहसकथांचे पत्र समजून चालवले. वीस अंकांत ते बंद पडले आणि या प्रकाराला आपल्याकडे वाचक नाही, असा सोयीचा निष्कर्ष निघाला. वाचक होता, तो विखुरलेला होता आणि प्रकाशकाला दिसत नव्हता. तो एकमेकांना दिसू लागला तो अमेरिकी मासिकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरातून, कारण पत्राखाली लेखकाचा पत्ता छापलेला असे. ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने १९३४ मध्ये आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकामार्फत सायन्स फिक्शन लीग स्थापली, आणि तिच्या शाखा काढण्याची मुभा वाचकांना दिली. गर्न्सबॅकचा हेतू खप टिकवण्याचा होता, यात शंका नको. पण लीड्स, नन्यीटन अशा गावांतल्या तरुणांनी ती मुभा मनावर घेतली. नन्यीटनच्या मॉरिस हॅन्सनने मार्च १९३६ मध्ये ‘नोव्हे टेरे’ हे चक्रमुद्रित हौशी मासिक सुरू केले. त्याच वर्षी गर्न्सबॅकने ‘वंडर स्टोरीज’ विकून टाकले. मालक बदलला, लीगचा जोम ओसरला, आणि साता समुद्रापलीकडच्या एका व्यापारी मासिकाच्या भरवशावर आपले मंडळ किती दिवस चालणार, हा प्रश्न ब्रिटिश शाखांपुढे उभा राहिला. लीड्सची सभा या प्रश्नाला दिलेले उत्तर होती.

सभेला माणसे किती? विसेक. या आकड्यावर हसणे सोपे आहे. एखाद्या लग्नघरात याहून जास्त माणसे आचाऱ्याच्या हाताखाली असतात. पण ती कोण होती हे पाहावे. लंडनहून एकोणीस वर्षांचा आर्थर सी. क्लार्क आला होता. तेव्हा तो सरकारी लेखापरीक्षण खात्यात नोकरीला होता. टेड कार्नेल होता. वॉल्टर गिलिंग्ज होता. व्यवसायाने बातमीदार असलेल्या या माणसाने १९३० मध्येच इलफर्डला वाचकांचे मंडळ काढून पाहिले होते. लिव्हरपूलहून एरिक फ्रँक रसेल आणि लेस जॉन्सन आले होते. त्यांच्याच शहरात १९३३ मध्ये फिलिप क्लिएटरने ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापली होती. यजमानांमध्ये डग्लस मेयर होता आणि मायकेल रोझेनब्लम होता. यांत विद्यापीठाचा प्राध्यापक नाही, प्रकाशक नाही, नामवंत साहित्यिक नाही. कारकून, बातमीदार, विद्यार्थी अशी ही मंडळी. त्यांनी भाषणे केली, चर्चा केली, आणि अमेरिकी लीगपासून स्वतंत्र अशी सायन्स फिक्शन असोसिएशन स्थापन करण्याचा निर्णय घेतला. ‘नोव्हे टेरे’ तिचे मुखपत्र झाले. इथेच फिलाडेल्फिया आणि लीड्स यांच्यातला फरक दिसतो. फिलाडेल्फियाला गेलेले फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम पुढे मोठे लेखक-संपादक झाले, त्यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या भेटीने कुणावर काही बंधन टाकले नाही. लीड्सच्या सभेने टाकले: वर्गणी, मुखपत्र, पदाधिकारी, पुढच्या वर्षीची सभा.

फळ किती लवकर आले ते पाहा. असोसिएशनने ‘अमॅच्युअर सायन्स स्टोरीज’ नावाचे छोटे मासिक काढले, मेयरने त्याचे संपादन केले, आणि डिसेंबर १९३७ च्या अंकात ‘ट्रॅव्हल बाय वायर!’ ही कथा आली. आर्थर क्लार्कची छापून आलेली ती पहिली कथा. त्याच वर्षी गिलिंग्जच्या संपादनाखाली ‘टेल्स ऑफ वंडर’ सुरू झाले. ते लीड्समुळे निघाले असे म्हणणार नाही. गिलिंग्ज प्रकाशकांच्या मागे आधीपासूनच लागला होता. पण मोठ्या प्रकाशनाच्या ‘स्कूप्स’ने वीस आठवड्यांत मान टाकली आणि एका चाहत्याने चालवलेले हे मासिक १९४२ पर्यंत, युद्धातल्या कागदटंचाईतही, सोळा अंक टिकले, ही तुलना टाळता येत नाही. गिलिंग्जला आपला वाचक कोण हे ठाऊक होते, कारण तो त्यांच्यातलाच एक होता.

युद्ध सुरू झाले तेव्हा असोसिएशन गुंडाळली गेली. कागदावरची संस्था संपली. लागलेली सवय मात्र संपली नाही. लीड्सच्या रोझेनब्लमने युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिला होता आणि त्याला शेतावर काम करावे लागत होते. त्या स्थितीत त्याने १९४० पासून ‘फ्युच्युरियन वॉर डायजेस्ट’ काढले आणि १९४५ पर्यंत पांगलेल्या, सैन्यात गेलेल्या वाचकांना ते पाठवत राहिला. ब्लॅकआउट, रेशन, बाँबवर्षाव असतानाही १९४१ मध्ये लंडनला, १९४३ मध्ये लेस्टरला, १९४४ मध्ये पुन्हा लीड्सला लहानमोठ्या बैठका झाल्या. आज ब्रिटनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या ईस्टरकॉनची क्रमसंख्या १९४८ पासून धरतात आणि या आधीच्या बैठका गणतीबाहेर राहतात. ही गणना मला चुकीची वाटते. शांततेच्या काळात लंडनच्या पबमध्ये जमणे सोपे. जी बैठक भरवायला खरोखर हिय्या लागला, तिलाच क्रमांक नाही!

त्या १९४८ च्या संमेलनाची जागा होती फेटर लेनमधला व्हाइट हॉर्स हा पब. १९४६ पासून दर गुरुवारी लंडनचे चाहते तिथे जमत. क्लार्कने पुढे आपल्या ‘टेल्स फ्रॉम द व्हाइट हार्ट’ या पुस्तकात या गुरुवारच्या बैठकीला कथारूप दिले. त्या पबमध्ये जे घडले ते ब्रिटिश प्रकाशनाच्या इतिहासात अपवादात्मक आहे. कार्नेलने १९३९ मध्ये हॅन्सनकडून ‘नोव्हे टेरे’ घेऊन त्याचे नाव ‘न्यू वर्ल्ड्स’ केले होते. १९४६ मध्ये पेंड्युलम या प्रकाशनाने तेच नाव घेऊन व्यावसायिक मासिक काढले, संपादक अर्थात कार्नेल. तीन अंक निघाले आणि पेंड्युलम बुडाले. अशा वेळी लेखक हळहळतात, वाचक दुसरे काही वाचू लागतात आणि विषय संपतो. इथे वाचकांनी आपापसांत भागभांडवल गोळा केले, १९४९ मध्ये नोव्हा पब्लिकेशन्स ही कंपनी काढली आणि ‘न्यू वर्ल्ड्स’चा चौथा अंक स्वतः बाजारात आणला. संचालकांत कार्नेल आणि गिलिंग्ज होते, तसेच जॉन बेनन हॅरिस नावाचे एक मितभाषी गृहस्थही होते. दोन वर्षांनी ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ लिहून ते जॉन विंडम या नावाने घरोघरी पोचले. नोव्हाने पुढे ‘सायन्स फँटसी’ हे दुसरे मासिकही काढले. ब्रायन ऑल्डिस यांची पहिली विज्ञानकथा १९५४ मध्ये तिथे आली. जे. जी. बॅलर्ड यांच्या पहिल्या दोन कथा डिसेंबर १९५६ मध्ये याच दोन मासिकांत आल्या. १९६४ मध्ये ‘न्यू वर्ल्ड्स’ मायकेल मूरकॉकच्या हाती गेले. शाळकरी वयापासून हौशी मासिके काढणाऱ्या या चोवीस वर्षांच्या तरुणाने विज्ञानकथेची भाषाच बदलण्याचा घाट घातला. १९६७ मध्ये या मासिकाला आर्ट्स कौन्सिलचे अनुदान मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या एका कादंबरीवरून डब्ल्यू. एच. स्मिथने अंक दुकानात ठेवायला नकार दिला, पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला. नन्यीटनच्या चक्रमुद्रित पानांपासून पार्लमेंटपर्यंतचा हा प्रवास एका धाग्याचा आहे आणि त्यातल्या प्रत्येक गाठीवर वाचकाचा हात दिसतो.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. वेल्स यांना कुठले चाहते-मंडळ लागले? ओलाफ स्टेपल्डन यांनी ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ १९३० मध्ये लिहिले, ऑल्डस हक्सली यांचे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ चे, जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ चे. या सर्वांनी संमेलनाच्या पायरीवर पाय न ठेवता ही पुस्तके लिहिली. आक्षेप खरा आहे, पण तो एकेका थोर पुस्तकापुरता खरा आहे. हक्सली आणि ऑर्वेल यांच्याकडे आधीच नाव होते आणि त्या नावावर प्रकाशक कुठलीही कल्पना छापायला तयार होता. पंचवीस वर्षांचा, नाव नसलेला, हात अजून बसायचा आहे असा लेखक काय करणार? त्याला लघुकथा लिहून पाहायची असते, नाकारली गेलेली कथा पुन्हा लिहायची असते, ती जाणकाराकडून वाचून घ्यायची असते. त्यासाठी नियमाने निघणारे मासिक लागते, आणि असे मासिक कुणी चालवायचे याचे उत्तर त्या काळच्या ब्रिटनमध्ये मोठ्या प्रकाशनांकडे नव्हते. थोर पुस्तके अधूनमधून उगवतात. परंपरेला मात्र दर महिन्याचा अंक हवा असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी पूर्णपणे परतवू शकत नाही. ही मंडळी बंदिस्त होती. १९५५ पासून चार वर्षे ईस्टरला केटरिंग या लहान गावात संमेलने भरली, आणि तिथे तेच चेहरे, तेच विनोद, तीच पेयपाने चालली. नव्या माणसाला शिरायला जागा सापडत नसे. स्त्रिया फार थोड्या होत्या. सप्टेंबर १९५७ मध्ये लंडनच्या किंग्ज कोर्ट हॉटेलात जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. उत्तर अमेरिकेबाहेर ते प्रथमच भरत होते, अध्यक्ष कार्नेल, प्रमुख पाहुणे अमेरिकेचे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल. बॅलर्ड तिथे गेले आणि इतके निराश झाले, की चाहत्यांच्या जगाशी त्यांनी नंतर अंतरच ठेवले. ज्या लेखकाची पहिली पावले या मंडळींच्या मासिकांत पडली, त्यालाच त्यांची संगत सोसली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, बॅलर्ड यांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, ‘न्यू वर्ल्ड्स’कडे नाही, चाहत्यांनी बुडता बुडता वाचवलेल्या मासिकातच त्यांचे बंड छापले जात राहिले. दुसरी, आपण आटत चाललो आहोत, हे या मंडळींना बाहेरच्या कुणी सांगावे लागले नाही. नवे वाचक येईनासे झालेत, ही चिंता त्यांनी १९५८ च्या केटरिंग संमेलनात स्वतःच मांडली आणि तिथेच ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशन स्थापन केली. ती आजही चालू आहे, तिचे ‘व्हेक्टर’ हे नियतकालिक आजही निघते. सात वर्षांनी लंडनला जागतिक संमेलन पुन्हा आले तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी एला पार्कर होत्या. त्यामुळे स्त्रियांचा प्रश्न सुटला असे कुणी म्हणू नये. पण १९३७ च्या सभेपासून किती चालून यावे लागले, याचा अंदाज येतो.

पळपुटेपणाचा आरोप मात्र मला मान्य नाही. रॉकेट आणि मंगळ यांची स्वप्ने पाहणारी पोरे, असे त्यांच्याबद्दल तेव्हाही म्हटले जाई. लीड्सला जमलेल्यांपैकी काही जण त्याच वेळी इंटरप्लॅनेटरी सोसायटीत चंद्रयानाच्या आराखड्यावर काम करत होते. कथा वाचणे आणि गणित मांडणे ही त्यांना दोन वेगळी कामे वाटत नव्हती. १९४५ मध्ये क्लार्कने भूस्थिर कक्षेतल्या तीन उपग्रहांद्वारे सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल ही कल्पना आधी सोसायटीतल्या सहकाऱ्यांपुढे ठेवली, मग ती ‘वायरलेस वर्ल्ड’च्या ऑक्टोबर अंकात छापून आली. तीस वर्षांनी, १९७५ मध्ये, भारताने अमेरिकेच्या उपग्रहाच्या आधारे ‘साइट’ हा प्रयोग करून सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. तेव्हा क्लार्क श्रीलंकेत राहत होते, आणि त्या प्रयोगाचे कार्यक्रम दिसावेत म्हणून भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या कोलंबोतल्या घरी अँटेना बसवून दिली. उपग्रह लीड्समध्ये जन्मला, असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण ज्या वयात अशी कल्पना मोठ्याने बोलायला श्रोते लागतात, त्या वयात क्लार्कला ते कुठे मिळाले, हे सांगणे हास्यास्पद नाही.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. हे सारे छोट्या काळासाठी ठीक होते, आता हे काम व्यावसायिक आयोजकांचे. तिकीट काढा, नटाची सही घ्या, छायाचित्र काढा, घरी जा, असे म्हटले जाते. अशा जत्रांना गर्दी होते, आणि त्यात वाईट काही नाही. पण वाचकांनी चालवलेले संमेलन मोठे होऊ शकत नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये लंडनच्या एक्सेल केंद्रात जागतिक संमेलन भरले तेव्हा दहा हजारांहून अधिक सदस्य नोंदले गेले. कार्यक्रम आखणारे, खुर्च्या लावणारे, हिशेब ठेवणारे बिनपगारी स्वयंसेवक होते, आणि त्यांनीही प्रेक्षकांसारखेच सदस्यत्वाचे पैसे भरले होते. ईस्टरकॉनमध्ये पुढचे संमेलन कुणी आणि कुठे भरवायचे, हे आजही जमलेले सदस्य प्रस्ताव ऐकून, उलटतपासणी घेऊन, मताने ठरवतात. व्यावसायिक जत्रेत हा प्रश्न प्रेक्षकाला कधी विचारलाच जात नाही.